आडवाटेची अमेरिका आणि आपले बडोदे

उन्हाळा सुरू झाला की दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत आपल्या ओळखीच्या कुठल्या ना कुठल्या घराला कुलूप लागते. शेजारी विचारावे तर उत्तर ठरलेले असते, "मुलाकडे गेलेत, अमेरिकेला." आणि ही मंडळी परतली की फोटोही ठरलेलेच असतात. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवी, नायगाराचा धबधबा, वॉशिंग्टनमधले राष्ट्राध्यक्षांचे घर, फ्लोरिडातले डिस्नेचे जग, आणि ज्यांचा मुलगा पश्चिमेकडे असेल त्यांचा सॅन फ्रान्सिस्कोचा तांबडा पूल. यात वावगे काही नाही. ठिकाणे खरोखरच पाहण्याजोगी आहेत आणि इतक्या लांब जाऊन ती न पाहता येणे कुणालाच परवडत नाही.

पण अमेरिकेत राज्ये पन्नास आहेत आणि आपली पावले फिरून फिरून पाच-सहा राज्यांतच उमटतात. कनेक्टिकट, वायोमिंग, ऑरेगन, मेरीलँड, विस्कॉन्सिन ही नावे आपल्याला फार तर पाकिटावरच्या पत्त्यात भेटतात. गंमत अशी की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, जेव्हा बोटीने जायला कित्येक आठवडे लागत, तेव्हाच्या मराठी माणसांनी या आडवाटा तुडवल्या होत्या. आणि त्यातल्या एका आडवाटेचा शेवट थेट आपल्या मांडवीपाशी येऊन होतो. या वर्षीच्या अंकासाठी त्या जुन्या वाटांचा मागोवा घ्यावा, असे आम्हाला वाटले.

रमाबाईंची अमेरिका

सुरुवात आनंदीबाई जोशींपासून करायला हवी. १८८३ च्या जून महिन्यात त्या न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या आणि न्यूजर्सीतल्या रोझेल या गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. आज न्यूजर्सी म्हणजे आपल्यासाठी जणू मुंबईचे उपनगर झाले आहे, पण तेव्हा तिथे नऊवारी नेसलेली ही एकच बाई असणार. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांना मिळाली. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचा रक्षाकलश कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी या गावच्या स्मशानभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत, त्यांच्या नावाचा दगड उभा राहिला. न्यूयॉर्क शहरातून हडसन नदीच्या काठाने जाणारी आगगाडी दोन तासांच्या आत तिथे पोहोचवते. आपल्यापैकी कितीजण हडसनच्या मुखाशी उभे राहून परत येतात!

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी म्हणून पंडिता रमाबाई इंग्लंडहून फिलाडेल्फियाला गेल्या. मुक्काम थोड्या दिवसांचा ठरला होता, तो पावणेतीन वर्षे लांबला. विधवांसाठी शाळा काढायची तर पैसा हवा, म्हणून त्या गावोगाव व्याख्याने देत फिरल्या. पूर्व किनाऱ्यावरून निघालेल्या या बाई अखेर पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरातून जपानमार्गे परतल्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले आणि त्याच वर्षी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे त्यांचे पुस्तक मराठीत आले. प्रवासवर्णन म्हणून ते हाती घ्यावे तर त्यात राज्यकारभार, शाळा, घरसंसार, व्यापार, स्त्रियांची स्थिती यांवरची प्रकरणे भेटतात. देखावे पाहण्यापेक्षा माणसांनी आपला कारभार कसा चालवला आहे, हे पाहण्यासाठी त्या फिरल्या. तिथल्या काळ्या माणसांना आणि मूळ रहिवाशांना कसे वागवले जाते, हेही त्यांनी लिहायचे सोडले नाही.

त्या काळी अमेरिकेत खरे नवे घडत होते ते मोठ्या शहरांत नव्हे, आडबाजूच्या प्रदेशांत. वायोमिंगने, ते पूर्ण राज्यही झालेले नव्हते तेव्हा, १८६९ च्या डिसेंबरात स्त्रियांना मताचा अधिकार दिला. ६ सप्टेंबर १८७० रोजी लॅरमी नावाच्या रेल्वेच्या गावात लुईझा स्वेन या सत्तरीकडे झुकलेल्या आजीबाईंनी तो बजावला. न्यूयॉर्कच्या स्त्रियांना त्यासाठी १९१७ पर्यंत थांबावे लागले. रमाबाई अमेरिकेत असतानाच, १८८७ च्या एप्रिलमध्ये, कॅन्सस राज्यातल्या अर्गोनिया या लहानशा गावाने सुझॅना सॉल्टर या बाईंना नगराध्यक्ष म्हणून निवडून दिले. काही पुरुषांनी थट्टा म्हणून त्यांचे नाव मतपत्रिकेवर घातले होते. थट्टा करणाऱ्यांच्या अंगावर ती उलटली आणि बाईंनी वर्षभर कारभार नीट चालवला. मोठी शहरे नुसती पाहून आलेल्या माणसाला हे कुठून कळणार?

कनेक्टिकट: मार्क ट्वेन आला, मग बोर्डेन आले

आता आपल्या गावाकडे येऊ. कनेक्टिकट हे न्यूयॉर्कला खेटून असलेले चिमुकले राज्य. क्षेत्रफळ सुमारे साडेपाच हजार चौरस मैल. आपले बडोदे संस्थान आठ हजार चौरस मैलांवर होते, म्हणजे कनेक्टिकटपेक्षा चांगलेच मोठे. १९१० च्या सुमारास तिथली वस्ती अकरा लाखांच्या घरात आणि बडोदे संस्थानाची वीस लाखांच्या. तरीही या लहान राज्याचे आणि आपले धागे किती जुळले ते पाहण्यासारखे आहे.

या राज्यातल्या हार्टफर्ड शहरी मार्क ट्वेन हा लेखक १८७४ ते १८९१ अशी सतरा वर्षे घर बांधून राहिला. पुढे कर्जबाजारी झाल्यावर व्याख्याने देत जगप्रदक्षिणेला निघाला आणि १८९६ च्या जानेवारीअखेर मुंबईहून रात्रीच्या गाडीने बडोद्याला आला. महाराजांच्या वाड्यात त्याचे व्याख्यान झाले. हत्तीवर बसवून त्याला गाव दाखवण्यात आले. आपल्या सोन्याच्या आणि चांदीच्या तोफाही त्याने पाहिल्या. एका पूर्वजाने चांदीची तोफ केली म्हणून दुसऱ्याने त्याच्यावर मात करायला सोन्याची केली, अशी मिस्कील नोंद त्याने पुढे प्रवासाच्या पुस्तकात करून ठेवली आहे. परदेशी पाहुण्याला बडोदे कसे दिसे, त्याचा हा नमुना: हत्ती, वाडे आणि तोफा. आपण स्वातंत्र्यदेवी आणि नायगारा पाहून येतो, त्यातलाच हा प्रकार.

महाराज सयाजीराव मात्र अमेरिकेला गेले ते वेगळ्या नजरेने. १९०६ साली महाराणी चिमणाबाईंसह त्यांनी तो देश पाहिला. ज्या वर्षी त्यांनी सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेच हे वर्ष. अमरेली भागात तो प्रयोग १८९३ पासूनच चालू होता. आता महाराजांपुढे प्रश्न उभा होता तो पुढचा. खेड्यातले पोर चार इयत्ता शिकेल, पण शाळा सुटल्यावर त्याच्या हाती वाचायला काही पडले नाही तर पाच वर्षांत ते अक्षरे विसरेल. मग सक्तीचा खर्च वायाच जायचा. याचे उत्तर त्यांना अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत दिसले. तिथे पुस्तक उच्चभ्रूंच्या क्लबात किंवा राजाच्या कपाटात कोंडलेले नव्हते. सुतार, शेतकरी, शाळेची पोरे, सगळे आत येत आणि फुकट पुस्तके घरी नेत.

महाराजांनी मग त्या विद्येतला जाणता माणूसच आणायचे ठरवले. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन शहरात 'यंग मेन्स इन्स्टिट्यूट' ही १८२६ साली स्थापन झालेली वाचनसंस्था होती. विल्यम ॲलन्सन बोर्डेन हे १८८७ पासून तिचे ग्रंथपाल. १९१० मध्ये ते बडोद्याला आले आणि १९१३ पर्यंत राहिले. तीनच वर्षे, पण या काळात त्यांनी जे उभे केले ते हिंदुस्थानात दुसरीकडे कुठेच नव्हते. संस्थानात ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते झाले. महाराजांनी आपला खासगी ग्रंथसंग्रह दिला आणि त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. १९११ मध्ये ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग सुरू झाला. मद्रासला रंगनाथन ग्रंथपाल झाले ते १९२४ साली, हे ध्यानात घेतले म्हणजे बडोद्याची आघाडी कळते. पुस्तकांची वर्गवारी करण्यासाठी बोर्डेन यांनी अमेरिकेतल्या ड्यूई आणि कटर या दोघांच्या पद्धती एकत्र करून बडोद्यापुरती नवी पद्धत बसवली. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' हे त्रैमासिक निघू लागले, आणि ते इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत असे. आपल्या भाषेला या कामात पहिल्या दिवसापासून जागा होती, हे आपण विसरता कामा नये.

याच न्यू हेवनमध्ये येल हे जगप्रसिद्ध विद्यापीठ आहे. त्याचे नाव ज्या एलिहू येलवरून पडले तो मद्रासच्या किल्ल्याचा गव्हर्नर होता. आपल्या देशात गडगंज झालेल्या या माणसाने १७१८ च्या सुमारास त्या गरीब कॉलेजला कापडचोपड आणि ४१७ पुस्तके पाठवली. हिंदुस्थानातल्या पैशाने न्यू हेवनला पुस्तके गेली आणि दोनशे वर्षांनी त्याच गावाहून पुस्तके वाटण्याची विद्या बडोद्याला आली. इतिहासाचे हिशेब असे कधी कधी उशिरा का होईना, थोडेफार मिटतात.

पेटी आणि घोडागाडी

बोर्डेन यांच्या कामातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती फिरत्या ग्रंथालयाची पेटी. मजबूत लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तके भरून ती खेड्यात पाठवायची. तिथला शाळामास्तर किंवा कुणी भरवशाचा माणूस ती सांभाळणार, पुस्तके वाटणार, परत गोळा करणार, आणि मग पेटी दुसरीकडे जाणार. वाचकाने काही द्यायचे नाही.

ही कल्पनाही अमेरिकेच्या आडबाजूच्या भागांत मुरलेली होती. विस्कॉन्सिन हे दूधदुभत्याचे आणि लाकूडतोडीचे राज्य. तिथल्या डन काउंटीत जेम्स स्टाउट या लाकडाच्या व्यापाऱ्याने १८९६ मध्ये पदरच्या पैशाने अशा पेट्या शेतकऱ्यांच्या वस्त्यांवर पाठवायला सुरुवात केली. मेरीलँडमधल्या हेगर्सटाउन गावी मेरी टिटकंब या ग्रंथपालबाई गावातल्या दुकानांत, टपाल कचेऱ्यांत पुस्तकांच्या पेट्या ठेवत. पण दूरच्या शेतावरचा माणूस दुकानापर्यंत येतोच असे नाही, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणून १९०५ साली त्यांनी पुस्तकांची घोडागाडीच शेतांवर धाडली. अमेरिकेतले फिरते वाचनालय म्हणतात ते इथून सुरू झाले. १९१० साली मालगाडीची धडक बसून तिचा चुराडा झाला, पण बाई थांबल्या नाहीत. पुढे त्यांनी मोटार घेतली.

बडोद्यात या कल्पनेला आपली माती मिळाली. चरोतरात मोतीभाई अमीन यांनी मित्रमंडळाच्या वाचनालयांचे काम आधीच चालवले होते. बोर्डेन यांची शिस्त आणि मोतीभाईंची गावागावांतली ओळख एकत्र आली तेव्हा चळवळीने जोर धरला. गावाने वर्गणी जमवायची, तेवढीच भर प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, असा नियम केला गेला. फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही आणि नुसत्या वर्गणीवर गरीब गाव उभे राहत नाही, या दोन्हींचा त्यात विचार आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी चित्रे आणि सिनेमाचे खेळ गावोगाव नेणारी वेगळी शाखा होती. बायकांसाठी आणि मुलांसाठी निराळी दालने होती. बोर्डेन गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ही धुरा वाहिली आणि १९१९ मध्ये 'बडोदा लायब्ररी मूव्हमेंट' हे इंग्रजी पुस्तक लिहून तिची हकीकत नोंदवून ठेवली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आजही लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांमध्ये काचेच्या लाद्या आहेत, वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. बाहेरगावचे अभ्यासक ते पाहायला येतात. आपण मात्र त्याच रस्त्याने फरसाण घेऊन पुढे जातो.

ऑरेगनचे लाकूडकापे

पश्चिमेकडच्या टोकाला ऑरेगन आणि वॉशिंग्टन ही दोन राज्ये आहेत. दुसरे म्हणजे राजधानीचे शहर नव्हे, त्याच नावाचे निराळे राज्य. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे जपानमार्गे अमेरिकेला गेले आणि ऑरेगनमधल्या कोर्व्हालिस व वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमन या गावांच्या शेतकी महाविद्यालयांत शिकले. पोटासाठी त्यांना मजुरी करावी लागली. कोलंबिया नदीच्या मुखाशी असलेल्या ॲस्टोरिया गावात पंजाबी कामगार लाकडाच्या गिरण्यांत राबत होते. १९१३ मध्ये तिथेच गदर चळवळीची पायाभरणी झाली. शंभर वर्षांनी, २०१३ साली, त्या गावाने या घटनेचा स्मृतिफलक बसवला. खानखोज्यांना पुढे मायदेशी परतता येईना. मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी मक्याच्या सुधारित वाणांवर काम केले. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. क्रांतीसाठी गेलेला माणूस शेतकऱ्याच्या कणसात आपले आयुष्य ओततो, ही कथा सॅन फ्रान्सिस्कोचा पूल पाहून हाती लागत नाही.

परतल्यावर काय

हे सगळे सांगताना एक गोष्ट टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. १९१३ साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. अमेरिकेत आणि इंग्लंडात त्यांना वर्गात, ग्रंथालयात, खाणावळीत कुणी जात विचारली नाही. करारानुसार १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात आले तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही. एका पारशी सरायत ते नाव लपवून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ओळखीच्या दोघांची दारे ठोठावली, तीही उघडली नाहीत. कमाटी बागेत झाडाखाली बसून त्यांनी दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

त्या वर्षी बडोद्यात सर्वांसाठी मोफत ग्रंथालय होते. खेड्यापाड्यांत पेट्या फिरत होत्या. ज्या राजाने हे केले त्यानेच आंबेडकरांना परदेशी धाडले होते. पण राजा कायदा करू शकतो, ग्रंथालय उघडू शकतो. घराचे दार घरमालकच उघडतो. आणि त्या वेळच्या घरांत आपल्या समाजाचीही घरे होती. महाराजांनी परदेशातून जे आणले त्याचा अभिमान आपण दर वर्षी व्याख्यानांतून मिरवतो. जे आपल्या वाड्यांच्या उंबरठ्यावर अडले, त्याची आठवणही त्याच अभिमानाशेजारी ठेवायला हवी. प्रवासाची खरी परीक्षा तिकडे काय पाहिले यात नसते. परतल्यावर आपल्या गल्लीत काय बदलले, यात असते.

आता जाणाऱ्यांसाठी

आता जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. न्यूजर्सी किंवा न्यूयॉर्कला उतरणाऱ्यांना न्यू हेवन मॅनहॅटनहून आगगाडीने दोनेक तासांवर आहे. बोर्डेन यांची ती वाचनसंस्था चॅपल स्ट्रीटवर आजही चालू आहे. हार्टफर्डचे मार्क ट्वेनचे घर संग्रहालय म्हणून पाहता येते. राजधानी वॉशिंग्टनला जाणाऱ्यांना हेगर्सटाउन मोटारीने दीड-दोन तासांचे. ज्यांची मुले डेनव्हरला आहेत त्यांना लॅरमी अडीच तासांत गाठता येते. मात्र वायोमिंगला थंडीत जाऊ नये, बर्फात महामार्ग बंद होतात. पोर्टलँडहून ॲस्टोरिया एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. या गावांत भारतीय खाणावळ मिळेलच असे नाही, तेव्हा दशम्या आणि मेतकूट जवळ असावे. आणि कुठल्याही लहान गावात गेल्यावर तिथले सार्वजनिक ग्रंथालय जरूर पाहावे. आत जायला तिकीट नसते, बसायला कुणी हटकत नाही, आणि सुटीच्या दिवशी तिथे आलेली मुले पाहिली म्हणजे १९०६ साली महाराजांना काय दिसले असेल ते कळते.

परतल्यावरचे कामही सांगून ठेवतो. मध्यवर्ती ग्रंथालयात मराठीची कपाटे आहेत. वाचक नसेल तर पुस्तक आधी कोपऱ्यात जाते आणि मग गोदामात. गणपतीचे दहा दिवस आपण सारे एकत्र असतो, आरतीला तीन पिढ्या उभ्या राहतात, आणि त्यातली तिसरी पिढी मराठी बोलते पण वाचताना अडखळते. सक्तीच्या शिक्षणानंतर महाराजांना जी भीती वाटत होती तीच ही, फक्त आता ती आपल्या घरात शिरली आहे. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय फार खर्चाचा नव्हता. पंधरा ते तीस पुस्तके, एक लाकडी पेटी आणि ती सांभाळणारा एक भरवशाचा माणूस. आपल्या मंडळातल्या घरांतून फिरणारी अशी एक मराठी पेटी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी निघू शकते. पुस्तके प्रत्येक घरात आहेत, सुतार ओळखीचे आहेत; सांभाळणारा माणूस तेवढा पुढे यावा.